टायरचा दिवा लागल्यावर

गाडीच्या डॅशबोर्डवरचा टायरचा पिवळा दिवा दोन तऱ्हांनी लागतो. कधी तो लागतो आणि लागूनच राहतो. कधी गाडी चालू केल्यावर मिनिट-दीड मिनिट लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. चित्र दोन्ही वेळी तेच, घोड्याच्या नालेसारखी आकृती आणि तिच्या पोटात उद्गारचिन्ह. अर्थ मात्र वेगळे. पहिल्यापासून स्थिर असलेला दिवा सांगतो, कुठल्यातरी चाकात हवा कमी आहे. आधी लुकलुकणारा दिवा सांगतो, हवा किती आहे हेच गाडीला कळेनासं झालंय. ज्या गाड्यांत चाकागणिक आकडे दिसतात, त्यांत अशा वेळी एखाद्या चाकापुढे आकड्याऐवजी नुसत्या रेघा येतात. या दोहोंतला कोणता दिवा लागलाय हे आधी ठरवायचं असतं, आणि गॅरेजमधला बराचसा घोळ ही पायरी गाळल्यामुळे होतो. मालक येऊन ‘टायरचा लाइट लागलाय’ एवढंच सांगतो. मेकॅनिक बघतो न बघतो तोच ‘सेन्सर गेला असणार’ म्हणून मोकळा होतो. सेन्सर मागवला जातो, टायर रिमवरून उतरतो, नवा सेन्सर बसतो, मालकाचे पैसे जातात आणि दिवा होता तसाच राहतो.

या घाईवर उतारा म्हणून हे पुस्तक लिहिलं गेलं आहे. मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि हस्तलिखित वाचताना मला सगळ्यात भावलं ते हे की, सेन्सर बदलण्याचं प्रकरण यात जवळजवळ शेवटी येतं. आधीची सगळी प्रकरणं चाकाला, व्हॉल्व्हला, रेडिओच्या लहरीला आणि गाडीच्या स्मरणशक्तीला प्रश्न विचारण्यात खर्च झाली आहेत. तेच योग्य आहे. टीपीएमएस, म्हणजे टायरमधल्या हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा, बिघडली असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा सुटा भाग एकही बिघडलेला नसतो. हवा खरोखरच उतरलेली असते, नाहीतर चाक आणि गाडी यांच्यातली ओळख तुटलेली असते. सेन्सर खरोखर मरतोही, पण ते ठरवायला आधीच्या दोन शक्यता हाताने तपासून बाजूला साराव्या लागतात.

ही यंत्रणा आली कुठून, हे मेकॅनिकला ठाऊक असण्याची गरज काय, असं कुणी विचारेल. माझ्या मते गरज आहे, कारण आजच्या दिव्याचं वागणं त्या इतिहासातूनच ठरलं आहे. प्रवासी गाडीत चाकातली हवा मोजणारी यंत्रणा पहिल्यांदा आली ती १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये. तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. ती सर्वांच्या गाडीत शिरली ती अमेरिकेतल्या फायरस्टोन प्रकरणामुळे. फोर्ड एक्सप्लोरर या गाडीवरच्या फायरस्टोन टायरांचा वरचा थर भर वेगात सुटून येत होता आणि उंच बांध्याची गाडी उलटत होती. ऑगस्ट २००० मध्ये कंपनीने वापरात असलेले सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. सरकारी रस्ता सुरक्षा यंत्रणेकडे आलेल्या तक्रारींत पुढे २७१ मृत्यूंची नोंद झाली. टायरच्या बांधणीतला दोष हा एक मुद्दा होताच. पण त्याबरोबर एक साधा आकडा वादात सापडला. फोर्डने त्या गाडीसाठी २६ पीएसआय हवा सुचवली होती, टायरवाले ३० म्हणत होते. टायरमध्ये हवा कमी असली की त्याच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात, त्या वाकण्यातून उष्णता तयार होते आणि रबर आतून शिजत जातं. दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या, आणि १ नोव्हेंबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या ट्रेड (TREAD) ॲक्टने प्रत्येक नव्या गाडीत कमी हवेचा इशारा देणारी सोय असावी असं सांगितलं.

यापुढचा भाग आपल्या कामाचा आहे. सोय कशी असावी यावर मोठी ओढाताण झाली. २००२ च्या पहिल्या नियमात कंपन्यांना एक स्वस्त वाट ठेवलेली होती. स्वस्त वाट म्हणजे चाकात सेन्सर न घालता, ब्रेकच्या एबीएस यंत्रणेकडे आधीच असलेल्या चाकाच्या वेगावरून अंदाज बांधणं. हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित कमी होतो, म्हणून ते इतरांपेक्षा किंचित जास्त फिरतं. पण त्या काळची ही पद्धत चाकांची तुलना एकमेकांशी करायची. चारही चाकं सारखीच उतरली तर तिला काहीच वावगं दिसायचं नाही. आणि वर्षभर हवाच न तपासणाऱ्या माणसाच्या गाडीत नेमकं तेच होतं. ग्राहक संघटना न्यायालयात गेल्या आणि २००३ मध्ये अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला. २००५ मध्ये आलेल्या नव्या नियमात चार गोष्टी ठरल्या. एक चाक असो वा चारही, ठरवून दिलेल्या हवेपेक्षा २५ टक्के उतरली की इशारा हवा. तो २० मिनिटांच्या आत हवा. यंत्रणा स्वतः बिघडली तर तेही सांगायला हवं. आणि दिवा एकच असेल तर बिघाड सांगताना त्याने ६० ते ९० सेकंद लुकलुकून मग स्थिर व्हावं. सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना हे लागू झालं. युरोपने नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची केली. आपल्या डॅशबोर्डवर लुकलुकणारा दिवा हा त्या कायद्याचा मजकूर आहे. त्याचं वाचन करता आलं पाहिजे.

भारतात सगळ्या गाड्यांना सक्ती नाही. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ही यंत्रणा आणि टायर दुरुस्तीचा संच दिला असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा मिळाली. कंपन्यांनी मुभेचा फायदा घेतला, ग्राहकांनी फीचर म्हणून स्वागत केलं, आणि पाच-सहा वर्षांत टीपीएमएस मधल्या किमतीच्या गाड्यांतही आली. आमच्याकडे तिची चर्चा खरी वाढली ती समृद्धी महामार्गाने. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, काँक्रीटचा रस्ता, मोटारींना ताशी १२० ची मर्यादा. अपघातांच्या बातम्यांत ‘टायर फुटल्याने’ हे शब्द इतके येऊ लागले की परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली. त्याच सुमारास एक सल्लाही फिरू लागला, की काँक्रीटवर टायर तापतो, तेव्हा निघताना हवा चार-पाच पॉइंट कमी ठेवा. हा सल्ला घातक आहे आणि तो देणारे पुष्कळदा आपले टायरवालेच असतात, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. टायर तापल्याने आत वाढणारा दाब चांगला टायर सहज सोसतो. कमी हवेने भिंती वाकून जी उष्णता तयार होते ती त्याला सोसत नाही. सल्ला पाळणारा माणूस फायरस्टोनचा प्रयोग स्वतःच्या गाडीवर करत असतो, आणि दिवा लागला की ‘सेन्सर वेडा झालाय’ म्हणतो.

स्थिर दिव्याचं निदान म्हणूनच हातातल्या गेजपासून सुरू होतं, आणि गेज कसा लावायचा यावर लेखकाने एक अख्खं प्रकरण दिलं आहे. वाचकाला ते बालबोध वाटेल, वगळू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला आकडा हा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी तीन-चार तास उभी राहिल्यानंतरचा. टायरच्या भिंतीवर छापलेला मोठा आकडा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तो बघून हवा भरणारे महाभाग मी पुष्कळ पाहिले आहेत. ३३ पीएसआयच्या टायरमध्ये तापमान दहा अंशांनी बदललं की दाब साधारण दीड पीएसआयने बदलतो. पुण्याहून निघालेली गाडी दुपारी साताऱ्यापुढच्या पंपावर येते तेव्हा टायर तीस अंशांनी तापलेला असू शकतो आणि मीटर ३७-३८ दाखवतो. पंपावरचा पोरगा यंत्रात ३३ लावतो आणि हवा सोडून देतो. दुसऱ्या दिवशी पहाटे, डिसेंबरच्या थंडीत, तोच टायर २८ वर आलेला असतो. त्यात थोडीशी जुनी गळती मिळाली की पंचवीसच्या आसपास दिवा लागतो. दुपारी टायर पुन्हा तापतो, दिवा विझतो, आणि मालक गॅरेजमध्ये येऊन म्हणतो, ‘सकाळी लागतो, दुपारी जातो, वायरिंग लूज असणार.’

घाट चढणाऱ्यांसाठी एक गंमत. गेज जे मोजतो ते बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतो. समुद्रसपाटीवरच्या मुंबईत ३३ भरलेला टायर साडेतेराशे मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला नेला, आणि तापमान तेच राहिलं असं धरलं, तर हातातला गेज सुमारे दोन पीएसआय जास्त दाखवेल, कारण तिथली बाहेरची हवाच विरळ. चाकातला सेन्सर मात्र बहुधा पूर्ण दाब मोजतो आणि बाहेरचा दाब वजा करण्याचं काम गाडी करते. ज्या गाडीला बाहेरचा दाब कळत नाही ती ठरावीक आकडा वजा करते. मग गेज आणि डॅशबोर्ड यांच्यात दोन पीएसआयचं भांडण लागतं आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

सेन्सरवाली आणि बिनसेन्सरची, या दोन पद्धतींचं निदान सर्वस्वी वेगळं. बिनसेन्सरच्या पद्धतीत बदलायला काहीच नसतं. फोक्सवॅगन-श्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत ती आहे. आजची ही पद्धत २००३ च्या मानाने पुष्कळ शहाणी झाली आहे. चाकाच्या फिरण्यातलं बारीक कंपनही ती ऐकते. हवा बदलली की कंपनाचा सूर बदलतो, त्यामुळे चारही चाकं उतरली तरी तिला कळू शकतं. पण तिला दाबाचा आकडा ठाऊक नसतो. आपण मेनूत जाऊन ‘सेट’ केलं त्या क्षणाची हवा तिने प्रमाण मानलेली असते. पंक्चर काढल्यावर, टायर बदलल्यावर, चाकं मागेपुढे केल्यावर सेट करायचं राहिलं तर ती खोटा इशारा देते. त्याहून वाईट म्हणजे, हवा न भरताच दिवा घालवण्यासाठी कुणी सेट दाबलं तर ती उतरलेल्या टायरलाच बरोबर मानून पुढे गप्प बसते. दिवा विझला, गिऱ्हाईक खूश. एखाद्या ॲक्सलवर एकच नवा टायर टाकला, किंवा डाव्या-उजव्या टायरची झीज फार वेगळी असली, तरी ती गोंधळते. या गाड्यांसाठी ‘सेन्सर बदलायला लागेल’ असं कुणी म्हणालं तर त्याला चाकातला सेन्सर दाखवायला सांगावा.

सेन्सरवाल्या पद्धतीत प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुंध्याशी, काडेपेटीपेक्षाही लहान डबी असते. तिच्यात दाब आणि तापमान मोजणारी चिप, चाक फिरतंय का ते ओळखणारा भाग, रेडिओ, आणि लिथियमचा एक सेल, सगळं रेझिनमध्ये बुडवून कायमचं बंद. गाडी उभी असताना सेन्सर झोपलेला असतो. ताशी पंचवीस-तीसचा वेग आला की तो जागा होऊन मिनिटाच्या आसपासच्या अंतराने आपला क्रमांक, दाब आणि तापमान हवेत सोडतो. आपल्याकडच्या आणि युरोपातल्या गाड्यांत हे ४३३.९२ मेगाहर्ट्झवर होतं, अमेरिकेतल्या पुष्कळ गाड्यांत ३१५ वर. टेबलावर ठेवलेला सेन्सर गप्प असतो यावरून तो मेला असं ठरत नाही. त्याला उठवायला १२५ किलोहर्ट्झची हाक मारणारं हातातलं यंत्र लागतं. ते व्हॉल्व्हजवळ, रिमच्या धातूपासून थोडं बाजूला, टायरच्या भिंतीशी धरायचं; मग सेन्सर उत्तर देतो. पुस्तकात या यंत्राला सरळ ‘ट्रिगर’ म्हटलं आहे, दुकानांत म्हणतात तसंच.

ट्रिगर कसा वापरावा याचा एक नमुना मी नाशिकजवळच्या हायवेवरल्या टायरच्या दुकानात पाहिला. चार-पाच वर्षं जुनी एसयूव्ही, दिवा लुकलुकणारा, मालकाला कुणीतरी चारही सेन्सर बदलायचा खर्च सांगितलेला. दुकानातल्या तरुण कारागिराने पुढच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. ३२ पीएसआय, ३१ अंश, सेल ठीक. आठ अक्षर-अंकांचा क्रमांक त्याने पत्र्याच्या टेबलावर खडूने लिहिला. पुढचं उजवं, ठीक. मागचं उजवं, ठीक. मागचं डावं गप्प. त्याने यंत्र व्हॉल्व्हच्या दुसऱ्या बाजूला धरलं, मग गाडी अर्धा फेरा पुढे घेऊन पुन्हा धरलं. गप्पच. इथे दहांतले आठ जण टायर उतरवतील. त्याने डिकी उघडली, गालिचा बाजूला केला आणि यंत्र स्टेपनीच्या व्हॉल्व्हशी नेलं. स्टेपनीने उत्तर दिलं. १९ पीएसआय, सेल ठीक. ‘पंक्चर कधी झालं होतं, दादा?’ मालकाला आठवलं, मागच्या महिन्यात. स्टेपनीही अलॉयचीच, त्यामुळे बाहेरून चारही चाकं सारखी दिसत होती. मूळचं चाक दुरुस्त न होताच डिकीत पडलं होतं आणि त्यातला धडधाकट सेन्सर, चाक फिरत नाही म्हणून, झोपला होता. पंक्चर काढून चाक जागेवर गेलं आणि थोडा वेळ गाडी फिरवून आणल्यावर दिवा गेला.

त्या खडूने लिहिलेल्या क्रमांकांत अर्धं निदान असतं. रस्त्यावर शेजारून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचे सेन्सर त्याच लहरीवर बोलत असतात. गाडी फक्त आपल्या यादीतल्या क्रमांकांकडे लक्ष देते. या बोलण्याला कुलूप नसतं. रटगर्स आणि साऊथ कॅरोलायना विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की, चाळीस मीटरवरून हे संदेश ऐकता येतात आणि खोटे संदेश पाठवून चालत्या गाडीचा दिवाही लावता येतो. आपल्याला त्यातून घ्यायचं ते एवढंच की, गाडी क्रमांकावर विश्वास ठेवते, चाकावर नव्हे. नवा सेन्सर बसवला आणि क्रमांक गाडीला शिकवला नाही तर तो तिच्या लेखी शेजाऱ्याचा सेन्सर. चाकं मागेपुढे केली आणि जागा शिकवल्या नाहीत तर ‘पुढचं डावं’ म्हणून ती मागच्या उजव्याचा आकडा दाखवते. माणूस भरलेल्या टायरमध्ये आणखी हवा भरतो आणि उतरलेला तसाच पळवतो. काही गाड्या चालता चालता आपणहून शिकतात, काहींना मेनूतून सांगावं लागतं, काहींना स्कॅनर जोडून क्रमांक लिहावे लागतात. बाजारात मिळणाऱ्या कोऱ्या सेन्सरवर जुन्याचा क्रमांक उतरवून घेतला तर गाडीला बदल कळतच नाही, आणि माझ्या मते छोट्या दुकानासाठी हीच सर्वांत सुटसुटीत वाट आहे. म्हणून जुना सेन्सर फेकण्याआधी त्याचा क्रमांक टिपा. इंटरनेटवरून स्वस्तात मागवलेला सेन्सर ३१५ चा निघाला तर काहीही शिकवलं तरी उपयोग नाही, गाडीचे कान दुसऱ्याच लहरीवर आहेत.

कधी चारही सेन्सर ट्रिगरला नीट उत्तर देतात आणि गाडीला मात्र एकही ऐकू येत नाही. तेव्हा चाकांना हात लावायचं कारण उरत नाही. पुष्कळ गाड्यांत रिमोट किल्लीचा आणि टायरचा कान एकच असतो. मालकाला विचारावं, रिमोटही हल्ली जवळ आल्याशिवाय चालत नाही का? मग सॉकेटमधला स्वस्तातला चार्जर, डॅशकॅम, नंतर बसवलेले एलईडी, सगळं काढून गाडी एक चक्कर मारून आणावी. आणि फक्त इंजिनाचे कोड वाचणारं दोन-तीन हजारांचं ओबीडी यंत्र लावून ‘कोड काहीच नाही’ असं सांगू नये. टायरच्या यंत्रणेचे कोड दुसऱ्या कप्प्यात असतात आणि तिथवर पोचणारा स्कॅनर लागतो.

खरोखर मेलेले सेन्सर बहुधा वयाने जातात, पाच ते दहा वर्षांत सेल संपून. त्याआधी जे जातात त्यांतले बरेच आपल्याच हातांनी जातात, आणि या प्रकरणात लेखकाने टायरवाल्यांची भीड ठेवलेली नाही. बीड, म्हणजे टायरची रिमला धरून बसलेली कड, सोडवणाऱ्या यंत्राचा पंजा व्हॉल्व्हच्या शेजारी बसला की डबीचा कान तुटतो; पंजा व्हॉल्व्हपासून लांब ठेवायचा हे दुकानात शिरल्या दिवशी शिकवायला हवं. व्हॉल्व्हचं नट न्यूटन-मीटरच्या एक आकडी मापात आवळायचं असतं. ज्या हाताला चाकाचे नट शंभराच्या घरात आवळायची सवय, तो हात ॲल्युमिनियमची दांडी पिळून टाकतो. पंक्चर होऊ नये म्हणून टायरमध्ये ओतलेलं चिकट द्रव सेन्सरच्या टाचणीएवढ्या भोकात शिरतं आणि सेन्सर जुनाच दाब सांगत बसतो. कोकणात आणि गोव्यात आणखी एक प्रकार पाहावा. व्हॉल्व्हचं टोपण फिरत नाही, जोर लावला की दांडी मुळातून निखळून हातात येते. बुंध्याशी पांढरी भुकटी दिसते. ॲल्युमिनियमच्या दांडीत कुणीतरी साधी पितळी पिन किंवा वर पितळी टोपण घातलेलं असतं, खाऱ्या दमट हवेत दोन धातू एकमेकांशी भिडतात आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. या दांडीला निकेलचा मुलामा दिलेली पिन लागते आणि प्लास्टिकचं टोपण. दहा-वीस रुपयांच्या पिनेने हजारोंचा सेन्सर जातो. दर वेळी टायर उतरवला की रबरी वॉशर, नट, पिन आणि टोपण नवं टाकावं हा नियम कंपन्यांच्या पुस्तकांत आहे. दुकानांत तो पाळलेला फार थोड्या ठिकाणी दिसतो.

जाता जाता नायट्रोजनबद्दल. पंपावर निळ्या-हिरव्या टाकीतून नायट्रोजन भरला की टीपीएमएसची कटकट मिटते असं सांगितलं जातं. आपण श्वासात घेतो त्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे, आणि तापमानाने दाब बदलण्याचा नियम दोघांना सारखाच. कोरडा नायट्रोजन वाईट नाही. पण त्यावर विसंबून गेज गाडीत न ठेवणं वाईट.

पुस्तकाच्या मर्यादा लेखकाने सांगितल्याच आहेत. ट्रक-बसच्या यंत्रणा, दुचाकी, आणि व्हॉल्व्हच्या टोपणाजागी बाहेरून बसवायचे सौरऊर्जेवरचे संच पुस्तकात फक्त ओझरते येतात. या संचांबद्दल मी त्याच्यापेक्षा थोडा उदार आहे. ज्या गाडीत काहीच नाही तिला ते बरे. फक्त टोपण बसवल्यावर साबणाच्या पाण्याने गळती पाहून घ्यावी, आणि रबरी व्हॉल्व्ह जुना असेल तर आधी तो बदलावा.

एका ठिकाणी मात्र माझं पटत नाही. एक सेन्सर सेल संपून गेला की उरलेले तीनही लगेच बदलावेत असं लेखक म्हणतो. सगळे एकाच दिवशी कारखान्यात बसलेले, तेव्हा बाकीचेही मागोमाग जाणार, हा हिशेब खरा आहे. पण त्यासाठी चांगले टायर पुन्हा उतरवावे लागतात, आणि वर सांगितलेली सगळी तोडफोड टायर उतरवतानाच होते. मी एकच बदलेन, बाकीच्यांचे क्रमांक आणि सेलची अवस्था कार्डावर लिहून मालकाला देईन, आणि टायर झिजून नवे टाकायची वेळ येईल तेव्हा उरलेले तीन बदलेन. कुणाचं बरोबर ते गाडीच्या वयावर आणि टायरच्या नक्षीवर ठरेल. चौथ्या प्रकरणातला तक्ता त्यासाठी उपयोगी पडतो, फक्त त्यात नक्षीची खोली टिपायला एक रकाना वाढवून घ्यावा.